गार्डन ट्रॅक्टरचा ड्राइव्ह लिव्हर तुटला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आमचं लेथ आणि वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. बसून चालवायचे गवत कापायचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे असं काही ठरवलं नव्हतं. एका कंपनीच्या लॉनवरचा एक आला, तिथल्या माळीकाकांनी दुसऱ्यांना सांगितलं, आणि आता जून उजाडला की फोन सुरू होतात. त्यातले बरेचसे एकाच तक्रारीचे: पुढे-मागे करायचा दांडा हातात आला. तीच उत्तरं देऊन देऊन घसा बसतो म्हणून इथे लिहून ठेवतोय. फोन कराल तेव्हा ‘लिव्हर गेलाय’ एवढंच सांगून थांबू नका. एकदा माझ्या आईने फोन उचलला आणि समोरच्याला काळजीने विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय?"

ड्राइव्ह लिव्हर म्हणजे नेमका कुठला?

सीटजवळ किंवा डॅशबोर्डच्या बाजूला खाचेत सरकणारा दांडा. पुढे ढकलला की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढला की मागे, मधल्या खाचेत न्यूट्रल. पाती उचलायचा लिव्हर वेगळा, रेसचा वेगळा. फोटो पाठवताना तिन्ही दिसू द्या.

जुन्या मशीनमध्ये हा लिव्हर दोन प्रकारचा असतो. साध्या गिअरचा असेल तर तो फक्त गिअर पाडतो; दुरुस्ती सोपी, त्यावर इथे फार लिहीत नाही. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर गोष्ट वेगळी. आतल्या पंपात छोटे पिस्टन एका तिरप्या प्लेटवर टेकून फिरतात. प्लेट सरळ असली की पिस्टन आत-बाहेर होत नाहीत, तेल ढकललं जात नाही आणि चाकं उभी राहतात. प्लेट जितकी कलेल तितकं तेल जास्त, तितका वेग जास्त. उलट्या बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे. तुमच्या हातातला लिव्हर सळ्या आणि सांध्यांमधून ही प्लेट कलवतो. म्हणजे क्लच, गिअर आणि वेग तिन्ही त्या एका दांड्यावर. दांडा मोडला तरी प्लेट जिथे होती तिथेच राहते, हे डोक्यात पक्कं ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

चालवताना तुटला तर?

ब्रेकचा पेडल पूर्ण दाबा, चावी बंद करा. बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये ब्रेक दाबला की वेगळी सळी पंपाला न्यूट्रलवर आणते, पण ती सळी शाबूत आहे की नाही ते त्या क्षणी कळत नाही. म्हणून चावी बंद करणं चुकवू नका. उतरून ट्रॅक्टर हाताने अडवायला जाऊ नका. मशीन उभं राहिलं की तुटलेला तुकडा आणि आजूबाजूला पडलेले वॉशर, स्प्रिंग, पिन, जे दिसेल ते गोळा करून डब्यात टाका. गवतात हरवलेला एक वॉशर पुढे अर्धा दिवस खातो.

"नुसता हात लावला आणि आला." असं कसं होईल?

होतं. पण त्या दिवशी झालेलं नसतं.

तुटलेलं तोंड उन्हात धरून बघा. मागच्या जूनमध्ये एका नर्सरीतून आलेला लिव्हर अजून माझ्या टेबलावर आहे. पिव्हटच्या, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या, भोकाच्या कडेला तुटलेला. तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट तांबडा, हाताला गुळगुळीत, आणि त्यावर ओहोटी लागल्यावर खाडीच्या चिखलात उमटतात तशा बारीक रेषा. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. रोज थोडी थोडी सरकत आली, आत पाणी जाऊन गंजली. चकचकीत भाग तेवढा शेवटच्या दिवशी तुटला. ज्याच्या हातात आला त्या पोराला उगाच बोलणी बसली होती.

चीर पडते ती जास्त जोर लागल्याने, आणि जास्त जोर लागायची कारणं मला ठरावीक दिसतात. सगळ्यात जास्त वेळा पंपाचा आडवा शाफ्ट किंवा मधले सांधे गंजून जाम झालेले असतात. आपल्याकडे खाडीची खारट हवा, वर चार महिने पाऊस, आणि ट्रॅक्टर उभा कुठे, तर निळ्या ताडपत्रीखाली मातीवर. दुसरं, लिव्हर जागेवर राहत नाही म्हणून कोणीतरी पिव्हटवरचा घर्षणाचा नट आवळत सुटतो. तिसरं, लोक सीटवर चढताना लिव्हरला धरून चढतात. तो काही बसमधला दांडा नाही. एका ट्रॅक्टरच्या खाचेत मला दसऱ्याच्या हाराचा दोरा सापडला होता, सळीभोवती पीळ घालून घट्ट बसलेला, वर झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या. हार बॉनेटला घाला.

म्हणून मी आधी लिव्हर हातात घेत नाही. पंपाकडची सळी सोडतो, इंजिन बंद ठेवून पंपाचा आर्म, म्हणजे आतली प्लेट कलवणारा छोटा दांडा, हाताने हलवून बघतो. तो जड असेल तर नवा लिव्हरही मोडणार. गंज उतरवणारं तेल मारून, रात्रभर ठेवून, हलकेच पुढे-मागे करत मोकळा होईपर्यंत वेल्डिंग पेटवायचंच नाही. हातोडी मारू नका. आत तेलाचं सील आहे.

लिव्हर कशाचा आहे हे घरच्या घरी कसं ओळखू?

चुंबक लावा. चिकटला नाही तर बहुधा जस्ताचं किंवा ॲल्युमिनियमचं ओतकाम. चिकटला तर पोलाद किंवा बीड, म्हणजे कास्ट आयर्न. मग ग्राइंडरला हलकेच टेकवा: साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर उडतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. तुटलेलं तोंड करडं आणि दाणेदार असेल तर तेही बिडाचंच लक्षण. चुंबकाला न चिकटलेला तुकडा दगडावर घासू नका. मऊ धातू दगडात भरतो आणि पुढे दगड फुटायची भीती असते.

वेल्डिंग होईल का?

धातूवर आहे.

साधं पोलाद असेल तर होईल, आणि चांगलं होईल. पण तुटलेली तोंडं एकमेकांना लावून वरून एक रन फिरवला तर महिनाभरात परत याल. दोन्ही तोंडं ग्राइंडरने उतरती करून मध्ये ‘व्ही’ तयार करायची, साधारण ६० अंशांची. रंग, गंज, ग्रीस, मुलामा, सगळं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत उतरवायचं. लिव्हरची लांबी आणि बाक जमले की आधी टॅक, म्हणजे पकडीपुरता वेल्डचा ठिपका, मारायचा, ट्रॅक्टरवर नेऊन खाचेत बसवून बघायचं, मग पुढचं वेल्डिंग. ६०१३ नंबरचा २.५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड ७० ते ८५ ॲम्पियरवर पुरतो. पट्टी ६ मिलिमीटरची असेल तर दोन्ही बाजूंनी भरा, मधली खपली (स्लॅग) झाडून. वर झाळेचा उंचवटा राहिला तर चालेल, घासून गुळगुळीत करून झाळ पातळ करू नका. मात्र जिथे वॉशर टेकतो तिथे सपाट पाहिजेच. चीर पिव्हटच्या भोकाशी असेल तर मी मागून एक पातळ पट्टीही जोडतो, तिथे जागा असेल तर. चीर अजून पूर्ण आरपार गेली नसेल तर तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून मग भरा, नाहीतर झाळेच्या पुढे ती सरकत राहते.

गरम झाळ पाण्यात बुडवू नका. चुर्र आवाज ऐकायला बरा वाटतो, पण त्याने झाळेच्या कडेचं लोखंड ठिसूळ व्हायची भीती. हवेत गार होऊ द्या, चहा घेऊन या.

बीड असेल तर साध्या रॉडने चिकटेल आणि गार होता होता टण्णकन फुटेल. त्याला निकेलचा रॉड, आधी ताव देणं आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश गार करणं लागतं. त्यापेक्षा गॅसवर पितळ भरून जोडलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं.

जस्ताचं ओतकाम असेल तर नाद सोडा. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, वेल्डिंगचा आर्क हजारो अंशांचा; रॉड टेकवाल आणि लिव्हर टेबलावर सांडलेला दिसेल. तसा लिव्हर पोलादाच्या पट्टीतून नवीन करायचा.

जस्ताचा मुलामा दिलेला भाग न घासता वेल्ड केला तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि तोंडाला धातूची चव राहते. वेल्डर मंडळी यावर दूध पितात. दुधाने पोट भरतं, धूर काही निघत नाही. मुलामा आधी घासा, मास्क लावा आणि दार उघडं ठेवा.

तात्पुरतं पुट्टी, पाइप किंवा तार बांधून चालेल का?

शेडपर्यंत न्यायला, आणि तेही मोकळ्या मैदानात. दोन कांड्या मळून लावायची पुट्टी टाकीच्या गळतीला ठीक आहे, वाकणाऱ्या दांड्याला नाही. आमच्याकडे एक लिव्हर असा आला होता: आत पुट्टी, वर बाइंडिंग वायर, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि सगळ्यात वर इन्सुलेशन टेप. सोलायलाच पंधरा मिनिटं गेली. करणाऱ्याच्या चिकाटीला मानलं, पण नेमका उतारावर तो फिरला असता तर?

उरलेल्या ठोंबावर लॉकिंग पक्कड लावून लोक चालवतात. पक्कड गुडघ्याला लागते, सुटते आणि कडा खाऊन टाकते, मग वेल्डिंगला जागा उरत नाही.

ट्रॅक्टरवर बसवलेलाच वेल्ड करून द्या ना, सोडायला वेळ कुठे आहे?

नाही. सीटखाली पेट्रोलची टाकी, पातीच्या झाकणावर वाळलेलं गवत, शेजारी बॅटरी. शिवाय करंट इग्निशनच्या वायरिंगमधून फिरला तर लिव्हरपेक्षा महाग दुखणं लागतं. एक पिव्हटचा बोल्ट आणि एक सळी सोडली की लिव्हर बाहेर येतो. अगदीच निघत नसेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, टाकी उतरवा, गवत धुऊन काढा, आणि अर्थिंगचा चिमटा झाळेच्या शेजारीच लावा. एवढं करेपर्यंत लिव्हर निघाला असता.

नवीन बनवून मिळेल का?

हो, आणि पुष्कळदा मी तेच सुचवतो. जुने दोन्ही तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून ठेवा, पेन्सिलने आकार काढा, भोकांचे मध्य नीट मारा. तोच पुठ्ठा कापून ट्रॅक्टरच्या खाचेत सरकवून बघा. स्टिअरिंगला आणि मांडीला कुठे अडतोय ते पुठ्ठ्यावर कळलेलं बरं. साधारण २५ बाय ६ ची पट्टी किंवा १२ मिलिमीटरचा गुळगुळीत बार लागतो, मूळ जसा असेल तसा. जाडी बदलू नका, कारण खाच, वॉशर आणि न्यूट्रलचा स्विच त्या जाडीवर बसवलेले असतात.

लांबीही वाढवू नका. ‘हाताला हलका जाईल’ म्हणून सहा इंच वाढवून मागणारे पुष्कळ भेटतात. जड जातोय तर खाली काहीतरी जाम आहे. लांब दांड्याने तुम्ही तोच जाम भाग जास्त ताकदीने पिळणार, आणि पुढची मोडतोड पंपाच्या आर्मला होणार.

बांधकामावरची सळई आणू नका. काल-परवाच एकजण घेऊन आला, "शेठ, ही कधी तुटायची नाय." तुटायची नाही, पण वॉशरखाली सपाट बसायचीही नाही.

पिव्हटचं भोक अंडाकृती झालं असेल तर ते मोठं करून त्यात गनमेटलचा बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, दाबून बसवा. भोकात वेल्ड भरणं आणि परत ड्रिल मारणं ही युक्ती चालते, पण भोक मध्यावर येईलच याची खात्री नाही. लेथवर बुश करायला अर्धा तास लागतो. पंपाकडच्या टोकाला खाचेत फिरणारी पिन असेल तर ती खाचसुद्धा बघा; तिथे झिजेने खेळ आला की लिव्हर हलतो आणि ट्रॅक्टर थोडा वेळ विचार करतो.

एका बोल्टला नट अर्धा जातो आणि अडकतो. काय करू?

थांबा, पाना पुढे फिरवू नका. जुने आयात केलेले ट्रॅक्टर बहुतेक इंचाच्या मापाचे. अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. एम८ चा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या मापाचा, नट त्याच्यावर बसल्यासारखा वाटतो, दोन-तीन आटे जातो आणि मग अडतो, कारण एकाचे आटे १.४१ मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचे १.२५ वर. जोर लावलात की दोघांचेही आटे मेले.

जुन्या दुकानांत मिळणारा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या, आट्यांचा अडीच किंवा तीन सुताचा बोल्ट मात्र अमेरिकन जाड आट्यांत जातो, कारण इंचाला आटे तेवढेच, १८ आणि १६. कोन वेगळा असल्याने अंगाबरोबर बसत नाही. अर्ध्या इंचाला तर १२ आणि १३ असा फरक, तिथे जाणारच नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जुना बोल्ट सोबत नेऊन मापून घ्या. पोकळ स्प्रिंग पिन होती तिथे स्प्रिंग पिनच घाला. खिळा ठोकून वाकवलेला मी रोज बघतो आणि रोज काढतो.

दुरुस्त केला, पण लिव्हर चालताना आपोआप मागे येतो.

तेल मारलंत ना?

लिव्हर पुढे ढकलून सोडला तरी तिथेच राहावा म्हणून पिव्हटवर घर्षणाची चकती आणि कोनाच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर असतात. लिव्हर जड झाला की माणूस सवयीने तिथेच तेलाची पिचकारी मारतो. चकती बुळबुळीत होते आणि लिव्हर घसरायला लागतो. मग नट आवळला जातो आणि पुन्हा वरच्या तुटण्याच्या गोष्टीवर येतो. चकती काढा, थिनरने पुसा, पॉलिश पेपरवर हलकी घासा. तेल आत मुरलं असेल तर बदला. ग्रीस फक्त बुशला आणि सळीच्या सांध्यांना.

किती आवळायचं? मी मुठीला ताणकाटा अडकवून ओढतो आणि तीन-साडेतीन किलोला लिव्हर हलेल असा नट ठेवतो. काटा नसेल तर एवढं बघा: खडबडीत जमिनीवर पूर्ण वेगात लिव्हर घसरू नये, आणि हलवायला खांद्यातून जोर लागू नये.

लिव्हर मधल्या खाचेत आहे तरी ट्रॅक्टर गोगलगायीसारखा सरकतो.

लिव्हर काढून परत बसवला की हे होतंच. सळीची लांबी बिघडलेली असते. दुरुस्तीचं अर्धं काम इथे आहे, आणि बरेच जण लिव्हर जोडला की पैसे घेऊन मोकळे होतात.

मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला. मजबूत घोड्यांवर, विटांवर नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पाती बंद. इंजिन सुरू करा, लिव्हर न्यूट्रलला. चाकं फिरतात का बघा. पुढच्या दिशेने फिरत असतील तर इंजिन बंद करा, सळीवरचा लॉकनट सैल करून सळी अर्धा फेरा फिरवा, परत सुरू करून बघा. चाकं थांबली की तिथे खडूची खूण करा. मग त्याच दिशेने फिरवत राहा, म्हणजे एका ठिकाणी ती उलटी फिरायला लागतील. तिथे दुसरी खूण. सळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये ठेवा आणि लॉकनट आवळा. दरवेळी इंजिन बंद करायला कंटाळा येतो, पण चालू इंजिनखाली हात घालून सळी फिरवणाऱ्याचं काम मी करत नाही.

यानंतर लिव्हर पूर्ण पुढे टाकून ब्रेक दाबा. न्यूट्रलवर परत आला पाहिजे. मागे टाकूनही तसंच बघा. शेवटी वीस-पंचवीस मिनिटं चालवून तेल गरम झालं की सगळं पुन्हा एकदा तपासा. थंड तेलावर बरोबर असलेलं न्यूट्रल गरम झाल्यावर किंचित सरकू शकतं.

नवीन लिव्हर बसवल्यापासून स्टार्टरच फिरत नाही.

बॅटरीच्या आधी न्यूट्रलचा स्विच बघा. लिव्हर किंवा त्याची सळी न्यूट्रलमध्ये असताना एक छोटा स्विच दाबते, तरच स्टार्टरला करंट जातो. पट्टी पातळ घेतली किंवा बाक बदलला की स्विचपर्यंत पोहोचत नाही. स्विचची पट्टी सरकवा. दोन वायरी पिळून ‘डायरेक्ट’ करून देणारे भेटतील. मग एखाद्या सकाळी लिव्हर पुढे असताना कोणीतरी चावी फिरवेल.

वर्कशॉपपर्यंत ओढत आणू का?

टेम्पोत घाला. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर ओढला की चाकं तेलाची मोटर फिरवतात, पण पंप बंद असल्याने तिला हवं तसं तेल मिळत नाही. शेडमधून टेम्पोपर्यंत ढकलायचा असेल तर मागच्या बाजूला बायपासचा नॉब किंवा व्हॉल्व्ह आहे का बघा, तो उघडून हळू ढकला, आणि नंतर बंद करायला विसरू नका. विसरलात तर लिव्हर कितीही सुंदर दुरुस्त केला तरी ट्रॅक्टर जागचा हलणार नाही, आणि पुन्हा फोन मला येईल.

कंपनीचा तयार लिव्हर नाही का मिळत?

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा सुटा भाग इथे शेल्फवर मिळणं कठीण. परदेशातून जुना काढलेला मागवता येतो, पण कुरिअर आणि कस्टम धरून तो लिव्हर चांदीचा पडतो, आणि येतो तोही वापरलेलाच, म्हणजे चीर त्यालाही असू शकते. इथे पट्टीचा तुकडा भंगारात किलोच्या भावाने मिळतो. पैसे लागतात ते हाताचे. पिव्हटची चकती आणि स्प्रिंग वॉशर मात्र मूळ मापाचे मिळत असतील तर तेच घ्या.

काम किती दिवसांत होईल?

लिव्हर सुटा आणलात आणि पोलादाचा असेल तर त्याच दिवशी. अख्खा ट्रॅक्टर आणलात तर दोन-तीन दिवस, सांधे मोकळे व्हायला जी रात्र लागते ती लागतेच. शुक्रवारी बंद असतो. मृग लागल्यावर आलात तर रांग आहे. एप्रिलमध्ये या, मी रिकामाच असतो आणि चहाही पाजतो.

लिव्हरची मूठ हरवली आहे. ती कुठे मिळेल?

कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात गिअरची मूठ मिळते, फक्त आटे जुळवून घ्या. ऐरोलीच्या एका माळीकाकांनी नारळाच्या करवंटीचा तुकडा घासून स्वतःच मूठ केली होती, आत लाकडाचा गोळा बसवून. घामाने काळी आणि तुळतुळीत झाली होती. लिव्हर नवीन करून दिला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "माझी मूठ परत बसेल ना?" त्यांच्यासाठी आटे वेगळे कापले.